समुद्राच्या रंगावर पहारा



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांला फाटकातच अडवले. "काहून जी भाऊ," तो म्हणाला, "विडीचा भाव सोडून आता समुद्राचं काय काढलं? अन् तेही भंडाऱ्यात बसून?" त्याचा प्रश्न रास्त आहे. आम्ही विडी कामगारांत आणि भातगिरण्यांच्या हमालांत संघटनेचे काम करीत आलो. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. समुद्र आयुष्यात चार-पाच वेळा पाहिला असेल. तेव्हा आकाशातल्या उपग्रहाने समुद्राचा रंग पाहण्याच्या विद्येवर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता, याचा खुलासा आधी केला पाहिजे. तो खुलासा समुद्रात नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या एका तळ्यात आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेने मालगुजारीच्या काळातले एक तळे ठेक्याने घेतले होते. रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले होते. सभासद बहुतेक ढिवर. त्यांच्या घरच्या बायका विड्या वळतात, म्हणून आमचा घरोबा. उन्हाळ्याचा शेवट होता. पाणी आटून हिरवेगार झालेले, दोन दिवस आभाळ भरून आलेले आणि वारा मुळीच नाही. एका पहाटे पाहतात तो किनाऱ्याशी मासळी पांढरी पोटे वर करून तरंगते आहे. वर्षाची कमाई एका रात्रीत गेली. अर्ज झाला. साहेब तिसऱ्या दिवशी भर दुपारी आले. मधल्या काळात वादळी पाऊस पडून गेला होता. त्यांनी बाटल्या भरून नेल्या आणि महिन्याभराने उत्तर आले: पाणी मत्स्यपालनास योग्य आहे. झाले! पाणी योग्य, तर मासे मेले कशाने? मदत मिळाली नाही ती नाहीच.

त्या साहेबांचे किंवा त्यांच्या कार्यालयाचे नाव घेण्यात हशील नाही, कारण ते खोटे बोलले नव्हते. बाटलीत जे होते ते त्यांनी लिहिले. पुढे पुस्तके चाळताना आम्हांला उलगडा झाला. हिरव्या पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री इतर जिवांप्रमाणेच तो घेते. शेवाळ फार माजले, आभाळ भरलेले राहिले आणि वारा पडला, म्हणजे पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू संपत येतो आणि मासळी गुदमरते. दुपारी उन्हात तेच पाणी पुन्हा प्राणवायूने भरते. साहेब त्याच तळ्याला भेटले, पण भलत्या वेळी भेटले. संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. तपासणीच्या दिवशी हजेरीपट नेहमी स्वच्छच असतो!

या एका गोष्टीने आमच्या डोक्यात किडा सोडला. पाणी जर तासातासाला बदलते, तर त्याच्याकडे अधूनमधून पाहणाऱ्याला काय दिसत असेल? आणि मग कळले की जगातले मोठमोठे सागरशास्त्रज्ञ नेमक्या याच कोड्याशी गेली कित्येक वर्षे झुंजत आहेत. त्यांचे तळे मोठे आहे, एवढाच काय तो फरक.

आता पाण्याच्या रंगाकडे वळू. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे, अशी एके काळी मोठ्या विद्वानांचीही समजूत होती. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेच्या प्रवासाला गेले, तेव्हा भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना ही समजूत पटेना. जवळच्या एका लहानशा लोलकाने त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा उजेड अडवून पाहिला. तरी निळाई कायम, उलट अधिकच गडद. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा. पाण्याचे कण प्रकाश विखुरतात, त्यात निळा अधिक विखुरला जातो, आणि तांबडा पाण्यातच जिरतो. हे रामन पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले हे सर्वांना ठाऊक आहे. पण तरुणपणी ते सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीत काही काळ आपल्या शेजारी नागपूरला होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कारकुनी करणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

निव्वळ पाणी निळे, पण समुद्राचे पाणी निव्वळ नसते. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती असतात. शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. हे समुद्रातले गवत समजा. त्यावर बारीक जीव चरतात, त्या जिवांवर लहान मासे आणि लहानांवर मोठे. या गवतातले हरितद्रव्य निळा प्रकाश खाऊन टाकते, त्यामुळे गवत दाट तिथे पाणी हिरवट होते. वरून पाहणाऱ्या यंत्राने परत आलेल्या प्रकाशातला निळा किती आणि हिरवा किती हे मोजले, की चारा कुठे दाट आहे याचा अंदाज लागतो. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. समुद्रावरून उपग्रहाकडे येणाऱ्या उजेडाच्या शंभर भागांपैकी नव्वदाच्या आसपास भाग हवेने आणि धुळीनेच पाठवलेले असतात. त्यातून पाण्याचे म्हणून जे दहा उरतात, त्यांतला रंग ओळखायचा. भर बाजारात मागून कुणी कुजबुजले आणि ते नेमके ऐकायचे, तसला हा धंदा.

खोल समुद्रात हे गणित बरे जमते. किनाऱ्याजवळ घोटाळा होतो. तिथे नद्यांचा गाळ असतो, भरती-ओहोटीने ढवळलेला चिखल असतो, आणि कुजक्या पानापाचोळ्याचा पिवळट काढा असतो. तेंदूची पाने रात्रभर भिजत घातलेल्या भांड्याचे पाणी सकाळी कसे दिसते, हे इथल्या भगिनींना सांगायला नको. हा काढाही निळा प्रकाश खातो, आणि साध्या गणिताला वाटते की चाराच चारा आहे! म्हणून किनाऱ्यासाठी जास्त रंगपट्ट्या मोजणारे यंत्र लागते. आणि नेमका किनाराच माणसाच्या कामाचा. बहुतेक लहान होड्या तिथेच, शहरांची गटारे तिथेच, कारखान्यांचे पाणीही तिथेच.

समुद्राचा रंग मोजण्यासाठी खास यंत्र प्रथम अमेरिकेने १९७८ साली निंबस-७ या उपग्रहावर बसवून पाठवले. आपल्या देशाने २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोटाहून ओशनसॅट-१ सोडला. आपल्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तो हाच महिना. त्यानंतर २००९ साली ओशनसॅट-२ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ गेला. पहिल्या दोहोंच्या यंत्रात आठ रंगपट्ट्या होत्या, तिसऱ्याच्या यंत्रात तेरा आहेत. हे सोपे यश नव्हे. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. लोक त्याला इन्कॉइस म्हणतात. पाण्याचा रंग आणि पाण्याचे तापमान यांवरून मासळी कुठे जमण्याचा संभव आहे हे ते केंद्र काढते, आणि कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, असा सल्ला मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांतून देते.

मग आमचे दुखणे काय? ओशनसॅट जमिनीपासून सुमारे सव्वासातशे किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरतो आणि एका ठिकाणी दोन दिवसांतून एकदा येतो, तोही दुपारी बाराच्या सुमारास. तळ्यावरचे आमचे साहेबच ते! आता थोडा हिशेब करू. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. समजा, आज उपग्रह मुंबईवरून गेला तेव्हा नेमकी बाराची भरती होती. परवा तो आला तर त्याच भरतीला अजून एक तास चाळीस मिनिटे अवकाश आहे. आठवड्याने आला तर बाराला ओहोटी लागलेली, चिखल वर आलेला, पाणी गढूळ. आता हे फोटो ओळीने मांडून कुणी म्हणू लागला की आठवड्यात गाळ फार वाढला, तर त्याला काय सांगाल? गाळ वाढला नाही, बाबा, घड्याळ सरकले. आणि त्यात एखाद्या पाळीला ढग आले, की दोन दिवसांचे चार दिवस होतात.

तोडगा एकच: येऊन-जाऊन पाहणाऱ्याऐवजी उभा पहारेकरी नेमणे. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर त्याची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका फेरीबरोबर पुरी होते, आणि खालून पाहणाऱ्याला तो आकाशात खिळा ठोकल्यासारखा एका जागी दिसतो. त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. दूरचित्रवाणीचे आणि हवामानाचे उपग्रह तिथूनच काम करतात. आपले हवामानाचे इन्सॅट दर अर्ध्या तासाला ढगांचे चित्र पाठवतात. मग त्यांनीच समुद्राचा रंग का सांगू नये? कारण ढग पांढरे चकाकतात, पाणी काळोखे असते. उंची पन्नास पट वाढली, की त्याच भिंगातून तेवढ्याच पाण्याचा उजेड पन्नासाच्या पन्नास पट, म्हणजे अडीच हजार पटींनी कमी मिळतो. पण उभ्या पहारेकऱ्याला एक सवलत आहे. खालचा उपग्रह सेकंदाला सुमारे सात किलोमीटर धावतो; तीनशे-साडेतीनशे मीटरच्या तुकड्याकडे पाहायला त्याला सेकंदाचा विसावा भाग मिळतो. वरच्याला घाई नाही. तो टक लावून पाहू शकतो आणि थोडाथोडा उजेड साठवू शकतो.

हे काम जगात पहिल्यांदा करून दाखवले कोरियाने. जून २०१० मध्ये त्यांचा भूस्थिर उपग्रह गेला. त्यावर गोसी नावाचे समुद्राचा रंग पाहणारे यंत्र होते. अडीच हजार किलोमीटर लांबी-रुंदीचा समुद्र ते दिवसातून आठ वेळा, दर तासाला एकदा, टिपत असे. पीत समुद्रात भरतीबरोबर गाळ कसा उठतो आणि ओहोटीला कुठे जाऊन बसतो, हे लोकांनी एका दिवसात डोळ्यांनी पाहिले. पाण्यावरचा एखादा डाग तासात किती सरकला यावरून प्रवाहाचा वेग काढता आला. माशांच्या पिंजऱ्यांकडे येणाऱ्या तांबड्या प्लवकांच्या लोंढ्याचा माग ठेवता आला. दहा वर्षे चाकरी करून ते यंत्र निवृत्त झाले; तत्पूर्वी फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचा धाकटा भाऊ वर गेला होता. तो दिवसातून दहा वेळा पाहतो आणि अडीचशे मीटरचा तुकडा वेगळा ओळखतो. पण तो पहारा कोरियाच्या समुद्रावर. आपला किनारा त्याच्या चौकटीत येत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. १९९९ साली ओशनसॅट-१ ज्या अग्निबाणाने गेला, त्याच अग्निबाणावर आणखी दोन लहान उपग्रह पाहुणे म्हणून होते: एक जर्मनीचा आणि दुसरा कोरियाचा. म्हणजे कोरियाचा उपग्रह आमच्या गाडीत बसून, आमच्या समुद्र पाहणाऱ्या उपग्रहाच्या शेजारी बसून, आमच्या खर्चाने नव्हे पण आमच्या हातांनी वर गेला. अकरा वर्षांनी उभा पहारा त्यांनी नेमला, आम्ही नाही. यात मत्सर करण्याचे कारण नाही. हिशेब मागण्याचे आहे.

आपण प्रयत्नच केला नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. १२ ऑगस्ट २०२१ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास श्रीहरिकोटाहून ईओएस-०३ हा भूस्थिर निरीक्षण उपग्रह निघाला. शेती, जंगले, पूर, वादळे यांबरोबर समुद्राचे निरीक्षणही त्याच्या कामांत होते. अग्निबाणाचा अतिशीत इंधनाचा वरचा टप्पा पेटलाच नाही आणि उपग्रह गेला. ती बातमी आम्ही चहाच्या टपरीवर वाचली. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "गेले पैसे पाण्यात." आम्ही मनात म्हटले, पाण्यात गेले हे खरे, आणि पाण्यासाठीच गेले होते. त्या मंडळींची आम्हांला कीव आली नाही, आपुलकी वाटली. वर्षानुवर्षे बांधलेले काम एका झडपेपायी जाताना ज्याने पाहिले आहे, त्यालाच त्याचे दुःख कळते. पण तो पहारा अजून रिकामाच आहे, आणि याची चर्चा आपल्या वर्तमानपत्रांत चार दिवसांपलीकडे टिकली नाही.

आता दुसरी बाजू. मध्यंतरी कामगारांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही रत्नागिरीस गेलो होतो. तेव्हा मुद्दाम मिरकरवाडा बंदरावर जाऊन बसलो. एका वयस्क खलाशाला विचारले, हैदराबादचा संदेश तुमच्यापर्यंत येतो काय? तो जाळे नीट करीत होता. म्हणाला, "येतो हो. पण सगळ्यांना एकच येतो. मोठ्या इंजिनवाला आधी पोचतो. आम्ही जाऊन बघतो तर त्याचं ओढून झालेलं." आमचे उपग्रहाविषयीचे सगळे पाठांतर त्या एका वाक्यापुढे थंड पडले. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. आदेश कागदावर आहे आणि भांडण समुद्रावर चालू आहे. उद्या तासातासाला संदेश आले, तर ज्याच्याजवळ वेगवान होडी त्याचीच चांदी अधिक होईल, हे आम्ही डोळ्यांआड करीत नाही. तरीही आमचे मत असे की तासाचा पहारा लहान होडीवाल्याला दोन ठिकाणी उपयोगी पडेल. पहिले म्हणजे, शिळा संदेश त्यालाच महाग पडतो. मोठ्याला चार जागा हुडकायला डिझेल परवडते, त्याला एकच फेरी परवडते. दुसरे अधिक महत्त्वाचे. हिवाळ्यात अरबी समुद्रात एका विशिष्ट प्लवकाचा बहर येतो. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात त्या त्याच जातीमुळे. लोक मोटारी करून पाहायला जातात, मौज वाटते. पण असा बहर फार दाट झाला आणि मरून कुजू लागला, की पाण्यातला प्राणवायू खातो. आमच्या तळ्याचीच गोष्ट, मोठ्या अक्षरांत. तो कुठून कुठे सरकतो हे वेळीच कळले, तर नुकसान टळेल. आणि टळले नाही तरी निदान नोंद राहील. अर्जावर "पाणी योग्य आहे" असे उत्तर देणाऱ्यापुढे ठेवायला आठ वेळांची आठ चित्रे असतील.

पहारेकऱ्याचे दोषही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल की हे वकिली करायला आले. त्याला रात्री दिसत नाही, कारण सूर्याच्या उजेडावर त्याचे काम. ढगातून दिसत नाही. म्हणजे आपल्या पावसाळ्यात तो बहुतेक काळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसणार, फक्त ढग क्षणभर फाटला तर त्या फटीतून पाहण्याची संधी त्यालाच अधिक. अडीचशे मीटरहून लहान गोष्ट त्याला वेगळी काढता येत नाही. कारखान्याचे एखादे गटार रात्री खाडीत सुटले, तर तो साक्ष देऊ शकणार नाही. ज्यांना ती साक्ष नको आहे त्यांनी एवढे ऐकून खूश होऊ नये. सकाळी पसरलेला डाग त्याला दिसू शकतो.

"पण भंडाऱ्याला काय?" हा फाटकातला प्रश्न अजून शिल्लक आहे. आपली वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. पूर आला म्हणजे गोदावरीच्या मुखापासून समुद्रात गढूळ पाण्याचा पंखा पसरतो आणि उपग्रहाच्या चित्रात तो स्पष्ट दिसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा आपल्या घरांत शिरली होती. भिंतींवर तिने जी रेघ ठेवली ती आपण पुसली. पण तिने नेलेली माती कुठेतरी गेलीच असेल. वाटेत धरणे आहेत, बराच गाळ तिथे बसतो, हे खरे. सगळा बसत नाही. आणि दुसरे, नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात येते. तिथल्या पाण्याचा रंग बदलतो ही पवनी तालुक्यातल्या मच्छीमारांची तक्रार आज नवी नाही. पाण्याचा रंग वाचण्याची विद्या समुद्रासाठी काढली, पण एवढ्या मोठ्या जलाशयालाही ती लागू पडते. लहान तळ्यांना भूस्थिर उपग्रह पुरणार नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांना दहा मीटरचा तुकडा ओळखता येतो, आणि त्यांची चित्रे कुणालाही फुकट मिळतात. परंतु त्यांची फेरी पाच दिवसांनी. पुन्हा आमचे साहेब!

म्हणून त्या संस्थेने आणि आम्ही मिळून एक उद्योग आरंभला आहे. १८६५ साली सेकी नावाच्या एका इटालियन धर्मगुरूने, तो ज्योतिषशास्त्रज्ञही होता, पांढरी तबकडी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. पाणी मोजण्याची इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही. आम्ही जेवणाची जुनी थाळी पांढऱ्या रंगाने रंगवली, मधोमध भोक पाडून दोरी ओवली, खाली दगड बांधला आणि दोरीला वीतभर अंतराने गाठी मारल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ थाळी सोडायची, किती गाठी बुडाल्या ते वहीत लिहायचे. सोबत आभाळ कसे, वारा कुठला, म्हशी पाण्यात शिरल्या होत्या काय, हेही. वही नववीत शिकणारी एक मुलगी लिहिते. पहिल्याच पंधरवड्यात तिने आम्हांला दाखवले की एकाच दिवशी सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाठी जुळत नाहीत. आम्ही तिला रामनांची गोष्ट सांगितली, तिने विचारले, "मग पहाटेचं कोण लिहिणार?"

मासे मरतात ते पहाटे, आणि तीच रकाना वहीत कोरी आहे. अंधारात थाळी दिसत नाही, तेव्हा त्या वेळी निदान पाण्याच्या तोंडाशी मासळी धापा टाकते काय, एवढे तरी कंदील घेऊन पाहून यावे असे ठरले. चार वाजता कोणी उठायचे यावर संस्थेच्या दोन सभा झाल्या. तिसरी येत्या अमावास्येनंतर आहे.